आजोळच्या मुक्कामासाठी डिस्पोजेबल कॅमेरा घ्यावा का?

पाऊलवाट

नमस्कार. येत्या मे महिन्यात आमची सगळी मामे-मावस भावंडे आपापल्या मुलाबाळांसह गुहागरजवळच्या आजोळी काही दिवस एकत्र राहणार आहेत. आजी आता थकली आहे, आणि इतकी माणसे पुन्हा एका छपराखाली कधी जमतील हे सांगता येत नाही, म्हणून या मुक्कामाचे फोटो नीट जपले जावेत असे मला मनापासून वाटते. गेल्या वेळी सगळ्यांच्या हातात फोन होते आणि फोटोही भरपूर निघाले. पण फोटो काढल्याबरोबर मुले फोनभोवती गोळा होत, कोणाचे डोळे मिटले आहेत ते पाहत, पुन्हा उभी राहत, आणि ज्या खेळाचा फोटो काढायचा होता तो खेळच तोपर्यंत मोडलेला असे. आजीने मागितलेला एक फोटो मात्र आजवर कोणी कागदावर काढून तिच्या हातात दिलेला नाही.

मामेबहिणीने सुचवले की या वेळी फिल्मचे एकदाच वापरायचे दोन-तीन डिस्पोजेबल कॅमेरे आणावेत आणि घरात ठेवून द्यावेत. ज्याला वाटेल त्याने फोटो काढावा, आणि काय निघाले ते रोल धुऊन आल्यावरच सर्वांनी पाहावे. कल्पना मला फार आवडली आहे. परंतु एका कॅमेऱ्यात फक्त २७ फोटो, त्यात ना फोकस करण्याची सोय ना उजेड कमीजास्त करण्याची, आणि कॅमेऱ्याची किंमत, रोलची धुलाई व स्कॅन मिळून एकेका फोटोला पन्नास रुपयांहून अधिक खर्च येणार, हे पाहता आधी जाणकारांना विचारावे असे वाटले. अंगणात, माजघरात, संध्याकाळी समुद्रावर हे कॅमेरे कितपत चालतात? मे महिन्यातल्या उकाड्याचा फिल्मवर परिणाम होतो का? ज्यांनी हे कॅमेरे हाताळले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

अंधारखोली

पाऊलवाट, अवश्य घ्या. मी नव्वदच्या दशकात एका कलर लॅबमध्ये कामाला होतो आणि आजही फिल्मवरच फोटो काढतो, त्यामुळे या कॅमेऱ्याच्या पोटात काय आहे हे आधी सांगतो. ते एकदा कळले की कोणत्या जागी त्याच्यावर भिस्त ठेवायची आणि कोणत्या जागी नाही, हे कोणाला विचारावे लागत नाही.

आपल्याकडे मिळणाऱ्या कॅमेऱ्यांत मुख्यतः दोनच नावे दिसतात, फुजीफिल्मचा क्विकस्नॅप आणि कोडॅकचा फनसेव्हर. क्विकस्नॅपमध्ये आयएसओ ४०० ची ३५ मिलिमीटर रंगीत फिल्म असते (आयएसओचा आकडा जितका मोठा तितका कमी उजेड फिल्मला पुरतो). त्याची लेन्स प्लॅस्टिकची, उजेड आत सोडणारे छिद्र कायम एफ १० (हा आकडा मोठा तितके छिद्र लहान), शटरचा वेग, म्हणजे उजेड आत येण्याचा वेळ, कायम सेकंदाचा १४० वा भाग, आणि फोकस सुमारे एक मीटरपासून पुढे सगळीकडे सारखा. यातले काहीही बदलता येत नाही. फनसेव्हरची रचना जवळपास तशीच आहे, पण त्याची फिल्म आयएसओ ८०० ची आणि शटर किंचित संथ असल्यामुळे त्याला दीडएक स्टॉप (दर स्टॉपला उजेड दुप्पट) जास्त उजेड मिळतो, म्हणून ढगाळ हवेत किंवा दाट झाडीत तो थोडा अधिक उपयोगी पडतो.

आता उन्हाचा हिशेब पाहू. आयएसओ ४०० च्या फिल्मला भर उन्हात एफ १६ आणि सेकंदाचा ४०० वा भाग एवढा प्रकाश पुरतो. हा कॅमेरा त्याच्या सातपटीहून अधिक प्रकाश आत घेतो, आणि तरीही फोटो बिघडत नाही, कारण रंगीत निगेटिव्ह फिल्म जादा प्रकाश मुकाट्याने सहन करते. कमी प्रकाश मात्र तिला अजिबात सोसत नाही. तिथे रंग मळकट होतात, सावल्या राखाडी पडतात आणि दाणे वर येतात. या कॅमेऱ्याची सगळी बांधणीच त्या सहनशीलतेवर उभी आहे. तेव्हा उन्हातले अंगण, खळे, समुद्राची वाळू, होडी, विहिरीचा काठ, या सर्व ठिकाणी निर्धास्तपणे फोटो काढा. घराच्या सावलीत, जिथे वरून मोकळे आकाश दिसते, तिथे तर चेहरे उन्हापेक्षाही छान येतात, कारण तेवढाच उजेड त्या छिद्राला आणि शटरला नेमका मानवतो. पोफळीच्या वाडीत आणि पडवीच्या आतल्या अंगाला मात्र फ्लॅश लावावा, आणि माजघरात व स्वयंपाकघरात तर फ्लॅशशिवाय बटण दाबूच नये. डोळ्यांना तिथे पुरेसा उजेड वाटतो, कारण डोळे सरावतात. फिल्म सरावत नाही.

फ्लॅशचा पल्ला तीन-साडेतीन मीटरच असतो. रात्री अंगणात भजनाला माणसे बसली आणि तुम्ही पायरीवरून सगळ्यांचा मिळून फोटो काढला, तर पुढच्या दोघांचे चेहरे उजळतील आणि बाकीचे काळोखात जातील. जवळ जा, दोघा-तिघांनाच घ्या. फ्लॅशचे बटण दाबल्यावर आतून बारीक शीळ घातल्यासारखा आवाज चढत जातो आणि काही सेकंदांनी छोटा दिवा लागतो. दिवा लागल्यावरच फोटो काढावा, हे मुलांना पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा. क्विकस्नॅपला फ्लॅशची सरकपट्टी असते, ती काम झाल्यावर मागे सारली नाही तर सेल उगाच खर्ची पडतो.

अंतराचे दोनच नियम आहेत. एक मीटरच्या आत कोणालाही घेऊ नये, कारण तिथे फोकस नसतो. लहान मुले हौसेने कॅमेरा थेट तोंडाशी नेतात, त्यांना एक पाऊल मागे उभे राहायला शिकवावे. आणि आपण ज्या खिडकीतून पाहतो ती लेन्सच्या जागी नसून तिच्या वरच्या बाजूला असते, म्हणून जवळचा फोटो काढताना डोक्यावर थोडी जागा मोकळी सोडावी, नाही तर कपाळे कापली जातात.

उकाड्याबद्दल तुमची शंका रास्त आहे. घरातल्या सावलीत फिल्मला काही होत नाही. पण मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत कॅमेरा ठेवला, तर रंग उतरतात आणि सगळ्या फोटोंवर धुरकट छटा येते. वेष्टनावरची मुदत पाहून घ्या, आणि मुक्काम संपल्यावर रोल लवकर धुवायला द्या.

पैलतीर

अंधारखोली यांनी तांत्रिक बाजू इतकी छान मांडली आहे की मी त्यात भर घालणार नाही; मला लिहायचे आहे ते कॅमेरा कोणाच्या हातात द्यावा याबद्दल. मी नव्वदच्या दशकापासून न्यू जर्सीत राहते. त्या काळी इथल्या लग्नांत जेवणाच्या प्रत्येक टेबलावर एक डिस्पोजेबल कॅमेरा ठेवण्याची पद्धत होती आणि आपल्या मराठी मंडळींनीही ती उचलली होती. पाहुण्यांनी आपापल्या टेबलावरचे फोटो काढायचे, निघताना कॅमेरा तिथेच ठेवायचा, आणि वधूवरांकडच्या कोणी ते सगळे कॅमेरे गोळा करून औषधांच्या दुकानातल्या फोटोच्या खिडकीत धुवायला द्यायचे.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नातला असा एक फोटो माझ्या डोळ्यांसमोर आहे. तो कोणा लहान मुलाने काढला असणार, कारण कॅमेरा टेबलाच्या कडेएवढ्याच उंचीवर आहे. समोर भाताचे मोठे पातेले, वाढणाऱ्याचे मनगटापासून खालचे दोन हात, एका कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याचे बोट, आणि या सगळ्याच्या पलीकडे वाकून कोणाला तरी आग्रह करणारी, तोंड भरून हसणारी आमची आत्या. त्याच लग्नाच्या व्यावसायिक छायाचित्रकाराने केलेल्या जाडजूड अल्बममध्ये आत्या अनेकदा आहे, पण प्रत्येक वेळी ती हात जुळवून, ओठ मिटून, कॅमेऱ्याकडे पाहत उभी आहे. ती गेल्यानंतर तिच्या मुलांनी मागून नेला तो भाताच्या पातेल्याचा फोटो.

असे का होते याचा मी पुष्कळ विचार केला आहे. फोनने फोटो काढला की काढणारा आणि ज्याचा काढला तो, दोघेही लगेच त्याचे परीक्षक होतात, आणि पुढच्या फोटोसाठी चेहरा सावरून बसतात. या कॅमेऱ्यात पाहण्यासारखे काही नसते. बटण दाबले, अंगठ्याने चक्री पुढे ढकलली, वरच्या छोट्या खिडकीतला आकडा एकाने उतरला, आणि कॅमेरा पुढच्या माणसाकडे गेला. हसणारा हसतच राहतो, वाढणारा वाढतच राहतो. म्हणून माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे की हे कॅमेरे घरातल्या फोटोची आवड असलेल्या एकाच भावाच्या गळ्यात अडकवू नका. ओटीवरच्या खुंटीला दोरीने टांगून ठेवा, मुलांना हात पुरेल इतक्या खाली, आणि आजींच्या हातीही एकदा द्या. आजी ज्यांचे फोटो काढतील ते पाहण्यासारखे असतील.

एक सूचना विमानाने येणाऱ्या भावंडांसाठी. फिल्म कधीही मोठ्या सामानात टाकू नये, कारण त्या सामानाच्या तपासणीतले क्ष-किरण फार तीव्र असतात. हातातल्या सामानासाठीही अनेक विमानतळांवर आता सीटी स्कॅनर (सामान सर्व बाजूंनी क्ष-किरणांनी तपासणारी यंत्रे) बसवले आहेत आणि त्यांतून एकदा गेलेली फिल्मसुद्धा धुरकटते, तेव्हा कॅमेरा पारदर्शक पिशवीत वेगळा ठेवून तो हाताने तपासण्याची विनंती करावी. फनसेव्हरसारख्या आयएसओ ८०० च्या फिल्मला याची झळ अधिक लागते. शक्य असेल तर कॅमेरे भारतातच घ्यावेत आणि रोलही तिथेच धुऊन घ्यावा.

काजवा

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते स्पष्टपणे मांडतो. डिस्पोजेबल कॅमेऱ्याच्या ज्या आठवणींबद्दल सध्या सगळीकडे लिहिले जाते त्या बहुतांशी जपान-अमेरिकेतल्या लोकांच्या आहेत. आमच्या घरात, आणि मला वाटते महाराष्ट्रातल्या बहुतेक मध्यमवर्गीय घरांत, असा कॅमेरा कधी आलाच नाही. आला असेल तर तो परदेशातल्या काकांच्या बॅगेतून. आमच्या कपाटात आधी आगफाचा क्लिक थ्री होता, पुढे कोडॅकचा केबी १० आला, आणि त्यात घालायचा ३६ चा रोल ही जपून वापरायची वस्तू होती. गणपतीत घातलेला रोल दिवाळीपर्यंत कॅमेऱ्यात असे, दोन-चार फोटो शिल्लक राहिले की ते संपवण्यासाठी कोणाला तरी तुळशीवृंदावनाशी उभे केले जाई, आणि म्हणून आमच्या प्रत्येक अल्बमच्या शेवटी तुळशीजवळ उन्हात डोळे बारीक केलेले कोणीतरी असते. मला आठवण येते ती त्या रोलची. ती जागवायला प्लॅस्टिकचा अख्खा कॅमेरा, फ्लॅश आणि सेल, २७ फोटोंनंतर टाकून देणे मला पटत नाही.

जपानात आणि अमेरिकेत वापरलेले कॅमेरे लॅबकडून कंपनीकडे परत जातात आणि त्यांचे भाग पुन्हा वापरले जातात, हे मी वाचले आहे. आपल्या भागातल्या लॅबमध्ये त्या सांगाड्याचे पुढे काय होते हे विचारले, तर समाधानकारक उत्तर मला तरी मिळाले नाही. त्यापेक्षा पुन्हा रोल घालता येणारा साधा प्लॅस्टिकचा कॅमेरा घ्यावा. कोडॅकच्याच नावाने मिळणारा एम ३५ अगदी डिस्पोजेबलसारखाच आहे, एकच वेग, एकच छिद्र, छोटा फ्लॅश. २०२२ साली आलेला एक्टार एच ३५ फिल्मवरच्या एका फोटोच्या चौकटीत दोन फोटो घेतो, म्हणजे ३६ च्या रोलवर ७२ फोटो निघतात, आणि मुले भरपूर असलेल्या घरात हा मोठाच दिलासा आहे. एखाद्या मामाच्या कपाटात जुना केबी १० किंवा याशिका असेल तर तो आधी बाहेर काढावा, सेलच्या जागी गंज चढला आहे का ते पाहावे, आणि एक रोल घालून मे महिन्याच्या आधीच तपासून घ्यावा. पैलतीर यांनी सांगितलेला हातोहात फिरण्याचा आनंद त्यातही तितकाच मिळेल.

अंधारखोली

काजवा, कचऱ्याबद्दलचा तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि घरात ज्याला रोल घालता-काढता येतो असा एक माणूस असेल तर तुमचाच पर्याय चांगला. फक्त एका बाबतीत मी डिस्पोजेबलची बाजू घेईन. रोल घालताना त्याचे टोक दात्यांत नीट बसले नाही तर चक्री फिरत राहते, फिल्म जागची हलत नाही, आणि सगळ्यांनी काढलेले सगळे फोटो कोरे निघतात. लॅबमध्ये असे कोरे रोल मी ग्राहकांच्या हाती परत दिले आहेत. एकदा बारशाचा होता, आणि त्या आईचा चेहरा मला अजून आठवतो. मूल फोटो काढता काढता मागचे झाकण उघडते ते वेगळेच.

डिस्पोजेबलमध्ये या दोन्ही गोष्टींची सोय कारखान्यातच केलेली असते. फिल्म आधीच पूर्ण उलगडून दुसऱ्या बाजूला गुंडाळलेली असते आणि प्रत्येक फोटोनंतर ती एकेक चौकट आपल्या डबीत परत शिरते, म्हणूनच आकडा चढत न जाता उतरत जातो. समजा कॅमेरा पडून फुटला, तरी काढलेले फोटो डबीच्या आत सुरक्षित राहतात आणि न काढलेलेच वाया जातात. आणखी एक बारकावा मला नेहमी आवडत आला आहे. साध्या प्लॅस्टिकच्या लेन्सने पडणारी प्रतिमा कडांना वाकते, म्हणून या कॅमेऱ्यात फिल्मच सपाट न ठेवता किंचित वक्र ठेवलेली असते. महाग काच घालण्याऐवजी फिल्मच वाकवून काम भागवणारा तो अभियंता मला फार मोठा वाटतो.

आणि ही कल्पना मुळात विलायती चूष म्हणून सोडून देण्यासारखी नाही. १८८८ साली जॉर्ज ईस्टमनने पहिला कोडॅक विकायला काढला तो असाच होता. पंचवीस डॉलरला मिळणाऱ्या त्या पेटीत शंभर फोटोंची फिल्म भरलेली असे, ती संपली की अख्खा कॅमेरा रॉचेस्टरला पाठवायचा, आणि दहा डॉलरमध्ये फोटो काढून, नवी फिल्म भरून तो परत येई. फुजीने १९८६ साली जपानात तीच गोष्ट पुठ्ठ्याच्या वेष्टनात आणली, आणि पुढच्याच वर्षी ३५ मिलिमीटर फिल्मची आवृत्ती काढली. ज्याला यंत्रातले काही कळत नाही, शिकायची इच्छाही नाही, त्याच्याही हाती फोटो असावा, हा विचार दोन्हींच्या मुळाशी आहे. पाऊलवाट यांच्या घरी ज्या आजी आणि जी मुले आहेत त्यांच्यासाठी मला तो विचार योग्य वाटतो.

पाऊलवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. असे ठरवते आहे की ओटीवर टांगायला दोन फनसेव्हर घ्यावेत, आणि मोठ्या मामाकडे खरोखरच एक जुना याशिका आहे, तो काजवा यांच्या सांगण्याप्रमाणे आधी तपासून धाकट्या मावसभावाकडे द्यावा. आजीला कॅमेरा द्यायची कल्पना मी आईला सांगितली तेव्हा ती म्हणाली की आजीने आयुष्यात कधी कॅमेऱ्याच्या मागे उभे राहून पाहिलेले नाही. तेव्हा तिच्यासाठी पहिल्या दिवशीच काही फोटो राखून ठेवणार आहे. दोनच शंका उरल्या. समुद्रात खेळताना कॅमेरा न्यायचा झाल्यास काय करावे, आणि रोल धुवायला देताना लॅबला काय काय सांगावे?

अंधारखोली

साधा कॅमेरा पाण्याजवळ नेऊ नका. खारे पाणी तर सोडाच, चक्रीच्या फटीत वाळू गेली तरी ती अडकते. फुजीचा पारदर्शक कवचातला जलरोधक क्विकस्नॅप वेगळा मिळतो. तो दहा मीटर खोलीपर्यंत चालतो, त्यात आयएसओ ८०० ची फिल्म असते आणि फ्लॅश नसतो, त्यामुळे सकाळी दहा ते दुपारी चार एवढ्याच वेळात तो वापरावा. वर आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, पुसून ठेवावा.

लॅब निवडताना तिथे रंगीत फिल्मचे रोल नेमाने धुतले जातात का एवढे विचारून घ्या. या प्रक्रियेत डेव्हलपरचे तापमान ३७.८ अंश सेल्सिअसवर स्थिर ठेवावे लागते आणि फिल्म त्यात सव्वातीन मिनिटे राहते. ज्या लॅबकडे महिन्यातून एखादाच रोल येतो तिथली रसायने पडून पडून कमजोर होतात आणि रंग हिरवट किंवा मळकट येतात. मुंबईत राहणाऱ्या भावंडांपैकी कोणी फोर्टमधल्या बोरा बाजारात चौकशी केली तर योग्य ठिकाण सापडेल. कॅमेरा घरी उघडू नका आणि मुलांनाही उघडू देऊ नका, कारण फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, ३०० व्होल्टच्या आसपास विजेचा दाब साठलेला असतो आणि सेल काढल्यावरही त्याचा जबर झटका बसतो. अख्खा कॅमेराच लॅबमध्ये द्यावा.

देताना तीन गोष्टी सांगा. स्कॅन मोठ्या आकारात हवे आहेत. रंग फार उजळ किंवा भडक करू नयेत. आणि निगेटिव्ह परत हवी आहे. ही तिसरी गोष्ट पावतीवर लिहून घ्या, कारण हल्ली बरीच गिऱ्हाइके स्कॅन मेलवर आले की निगेटिव्ह न्यायला येत नाहीत आणि काही काळाने ती टाकून दिली जाते. निगेटिव्ह हाच मूळ फोटो आहे. पुढे त्यावरून हवे तेव्हा पुन्हा स्कॅन करता येते, मोठी प्रिंट काढता येते. पट्ट्या प्लॅस्टिकच्या पारदर्शक पाकिटांत घालून, प्रत्येक पाकिटावर वर्ष आणि ठिकाण लिहून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कोकणातल्या दमट हवेत उघड्या पट्ट्यांवर दोन पावसाळ्यांत बुरशी धरते. आणि आजींनी काढलेल्या फोटोंच्या चार बाय सहाच्या प्रिंट पहिल्याच फेरीत मागवा, त्या त्यांच्या हातात लगेच देता येतील.